बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे? आधी हे वाचा, मग पंपाचं बोलू

आम्ही दूध काढायचे इलेक्ट्रिक पंप भाड्याने देतो, छोटीशीच फर्म आहे. आमच्याकडे बरेच फोन युनिव्हर्सिटीच्या माता-बाल हॉस्पिटलांतून येतात आणि पंपाचं विचारून झालं की बाळाचे बाबा हमखास म्हणतात, अहो सकाळपासून हा चौथा डॉक्टर, तोच तोच प्रश्न विचारतोय, आमचा डॉक्टर नक्की कोण?

तर तिथे एका बाळंतिणीमागे अख्खी टीम असते. इंटर्न असतो, म्हणजे नुकताच अभ्यास संपवून शिकत काम करणारा. रेसिडेंट स्पेशलायझेशन करत असतो, रात्री दोनला बाळाचं ऑक्सिजन कमी झालं की पहिला तोच धावत येतो. वर कन्सल्टंट, मोठे निर्णय त्यांचे. तोच प्रश्न परत विचारला तर वैतागून फाईलमध्ये बघा म्हणू नका, कारण आधीचं सीझर, एखाद्या औषधाची ॲलर्जी अशा गोष्टी कितीतरी वेळा दुसऱ्यांदा सांगतानाच आठवतात. फक्त आमच्या केसचे मेन डॉक्टर कोण हे पहिल्याच दिवशी विचारून नाव लिहून ठेवा. आणि तपासताना विद्यार्थी नको वाटत असतील तर सरळ नको म्हणा, त्यात संकोच कसला.

हात धुण्याबद्दल मात्र कोणालाही टोका, अगदी मोठ्या डॉक्टरांनाही. व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात दोन बाळंतपणाचे वॉर्ड होते, एकात सुइणी शिकायच्या, दुसऱ्यात डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच यायचे आणि तिथे तापाने कितीतरी जास्त बायका दगावायच्या. 1847 मध्ये तिथलेच डॉक्टर सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले.

कांगारू केअरही अशाच ठिकाणची. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या माता-बाल हॉस्पिटलात इनक्यूबेटर पुरत नव्हते, तेव्हा डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तुमचं बाळ स्थिर झालं की नर्सला स्वतःहून विचारा, कांगारू कधीपासून देऊ? छातीशी बाळ असलं की दूधही चांगलं उतरतं.

आता दूध. बाळ 37 आठवड्यांच्या बरंच आधी आलं की त्याला ओढता येत नाही, पण आईने थांबायचं नाही, बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच सुरू करायचं आणि दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा काढायचं, रात्रीचं तर चुकवूच नका. सुरुवातीला सिरिंजच्या टोकाशी पिवळसर चार थेंब दिसतात आणि आई रडकुंडीला येते, एवढंच? अहो तो चीक आहे, त्या बाळाला सध्या तेवढंच लागतं, एक थेंब टाकू नका. पहिला एक-दोन दिवस हातानेच काढलेलं बरं, चीक घट्ट असतो, पंपात चिकटून राहतो. बाटलीवर आईचं नाव, तारीख, वेळ लिहा. किती वेळ ठेवायचं ते वॉर्डच्या नियमाने, घरच्या बाळाचा हिशोब तिथे चालत नाही.

आमच्याकडून फक्त मोटर भाड्याची असते, फनेल (छातीला लावायचा भाग), नळी, बाटल्या तुमच्या स्वतःच्या, नव्या. फनेल घट्ट होत असेल किंवा दुखत असेल तर सोसू नका, साईज बदलून घ्या, दुखऱ्या छातीतून दूध कमी येतं. आणि डिस्चार्जच्या दिवशी पंप परत करायची घाई नको, घरी गेल्यावरही बाळ थोडं ओढून दमतं आणि झोपी जातं, तेव्हा उरलेलं काढावंच लागतं.