दुबईच्या सोन्यात घासाघीस कशावर?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी घरांतून कोणी दुबईला निघालं की सल्ला ठरलेला: "सांगतील त्याच्या निम्म्यावरून सुरुवात करा." आपल्या मंगळ बाजारात कपड्यांना हे चालतं, दुबईच्या देरा भागातल्या गोल्ड सूकमध्ये, म्हणजे सोन्याच्या बाजारात, सोन्याला नाही. तिथे प्रतिग्रॅम दर रोज जाहीर होतो, तो कोणी निम्मा करत नाही. भाव करायचा तो घडणावळीवर, म्हणजे दागिना घडवण्याच्या मजुरीवर. नक्षीकाम जास्त तिथे घडणावळ जास्त, म्हणून वावही जास्त. वजन, दर आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागाच. एकच गोळाबेरीज ऐकून मिळालेली सूट फसवी असू शकते, आणि आपली माणसं नेमकी तिथेच चुकतात. ५ टक्के व्हॅटमधला बराचसा भाग पर्यटकाला परत मिळतो, पण दुकान व्हॅट परताव्याच्या योजनेत हवं आणि खरेदीच्या वेळी पासपोर्ट दाखवलेला हवा.