स्पार्टाचा हेलॉट आणि अथेन्सचा गुलाम एकच नव्हेत

प्राचीन ग्रीसबद्दल काहीही वाचायला घ्या, 'गुलाम' हा शब्द येतोच, आणि त्या एका शब्दात अथेन्सच्या घरात लोकर कातणारी थ्रेसची बाई येते, लॉरियनच्या चांदीच्या खाणीत राबणारा माणूस येतो आणि स्पार्टाच्या जमिनीवर जव पिकवणारा हेलॉटसुद्धा येतो. बऱ्याच नोट्समध्ये "हेलॉट म्हणजे स्पार्टाचे गुलाम" अशी एक ओळ असते आणि पुढचं पान सुरू होतं. मला हे मनापासून खटकतं, कारण दोघांचंही आयुष्य हिरावलं गेलं होतं हे खरं, पण काय हिरावलं गेलं ते अगदी वेगळं होतं आणि ते वेगळेपण कळलं नाही तर ग्रीसचं राजकारण निम्मं कळतच नाही. स्पार्टाची फौज घरापासून लांब जायला का कचरायची, अथेन्समध्ये गुलामांचं मोठं बंड का झालं नाही, हे सगळं इथे अडकलेलं आहे.

आधी अथेन्सचा गुलाम घेऊ. तो बहुतेक वेळा बाहेरून आणलेला असायचा, थ्रेस, सिथिया, कॅरिया, फ्रिजिया, सीरिया अशा भागांतून, युद्धात पकडलेला किंवा चाच्यांनी पळवलेला किंवा व्यापाऱ्याने विकत घेतलेला. अथेन्सने स्वतःच्या नागरिकांना कर्जापायी गुलाम करायचं सोलोन या कायदेकर्त्याच्या काळात, इ.स.पू. 594 च्या सुमारास, बंद केलं, आणि मग कामाला माणसं हवीत तर ती परदेशातूनच. नागरिकाचं स्वातंत्र्य आणि परक्याची गुलामी ही दोन्ही अथेन्समध्ये एकत्रच वाढली, लोकशाहीचं कौतुक करताना हे बाजूला ठेवता येत नाही.

इ.स.पू. 415 मध्ये अथेन्सच्या रस्त्यांवरच्या हर्मीस देवाच्या मूर्ती फोडल्या गेल्या, धर्मविधींची विटंबना केल्याचेही आरोप झाले, आणि दोषी ठरलेल्यांची मालमत्ता जप्त करून लिलावात विकली. त्याचा हिशोब दगडावर कोरलेला आहे आणि त्याचे तुकडे सापडलेत. त्यात पायरियस बंदरात राहणाऱ्या केफिसोडोरस नावाच्या माणसाचे सोळा गुलाम आहेत. एक सीरियन पुरुष 301 ड्राक्मा. एक थ्रेसची बाई 165. एक कॅरियाचं लहान मूल 72. तेव्हा कसबी कारागिराला दिवसाला साधारण एक ड्राक्मा मिळायचा, म्हणजे ते मूल अडीच महिन्यांच्या मजुरीत गेलं. नावं नाहीत, फक्त देश आणि किंमत. त्या सोळा जणांमध्ये थ्रेसचे आहेत, इलिरियाचे आहेत, सिथियाचा एक, कोल्किसचा एक, लिडियाची एक बाई, म्हणजे एकाच घरात राहणाऱ्या माणसांची मायबोलीसुद्धा एक नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (आणि केफिसोडोरस स्वतः नागरिक नव्हता, तो मेटिक होता, अथेन्समध्ये स्थायिक झालेला परदेशी.)

आता हेलॉट. हा कुठूनही आणलेला नव्हता. तो त्याच मातीतला होता, लाकोनियातला, म्हणजे स्पार्टाच्या आसपासच्या प्रदेशातला, किंवा डोंगरापलीकडच्या मेसेनियातला, आणि मेसेनिया तर स्पार्टाने इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकात लढाया करून गिळला होता. तिथली माणसं जिथे होती तिथेच राहिली, फक्त जमीन आता स्पार्टन मालकाची आणि पिकाचा मोठा वाटा त्याच्या घरी पोचवायचा. टिर्टेयस हा स्पार्टाचाच कवी, तो मेसेनियन लोकांबद्दल लिहितो की ओझ्याखाली दबलेल्या गाढवांसारखे ते पिकाचा अर्धा भाग मालकांना आणून देतात. आपल्याकडच्या वाचकाला इथे कूळ आठवेल आणि ते थोडं बरोबर आहे, पण कुळावर सरकार दरवर्षी युद्ध पुकारत नाही.

हो, युद्धच. प्लुटार्क हा बराच नंतरचा ग्रीक लेखक, तो ऍरिस्टॉटलच्या हवाल्याने सांगतो की स्पार्टाचे इफोर, म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे पाच अधिकारी, पदावर आले की हेलॉटांविरुद्ध युद्ध जाहीर करायचे, म्हणजे मग हेलॉटाला मारलं तरी त्याचं पाप लागणार नाही. आणि मग क्रिप्टेया, निवडक तरुण स्पार्टन पोरांना खंजीर आणि थोडा शिधा देऊन रानात सोडायचे, दिवसा लपायचं आणि रात्री रस्त्यावर सापडेल तो हेलॉट मारायचा, कधी शेतात जाऊन त्यांच्यातले सगळ्यात धडधाकट हेरून मारायचे. धडधाकटच का, तर पुढारी तेच होणार म्हणून. हेलॉटांना पाणी न घातलेली वाईन पाजून, झिंगलेल्या अवस्थेत स्पार्टनांच्या जेवणाच्या पंगतीत आणायचे, तरुणांना दारूचे परिणाम दिसावेत म्हणून, आणि गाणी-नाच पण मुद्दाम लाजिरवाणेच करायला लावायचे. एका जुन्या लेखकाने म्हटलंय की त्यांना कुत्र्याच्या कातड्याची टोपी घालायला लावायचे आणि चूक असो नसो दरवर्षी ठरलेले फटके मारायचे, आपण गुलाम आहोत हे विसरू नये एवढ्यासाठी.

अथेन्समध्ये मारहाण नव्हती असं अजिबात नाही. गुलामाची साक्ष कोर्टात चालायची ती फक्त छळ करून घेतलेली असेल तर, हा नियम होता, आणि त्यांच्या वकिली भाषणांत तो इतका सहज येतो की वाचताना अंगावर काटा येतो. पण तिथली हिंसा मालकाच्या घरातली किंवा कोर्टातली होती. फार छळ झाला तर गुलाम थीसियसच्या देवळात आश्रय घेऊन मला दुसऱ्याला विका अशी मागणी करू शकायचा, एवढीच काय ती फट. स्पार्टात राज्यच हेलॉटाचं शत्रू होतं, उघडपणे, दरवर्षी नव्याने.

याचं कारण काय तर हेलॉटाकडे ते सगळं होतं जे अथेन्सच्या गुलामाकडून काढून घेतलं होतं. घर होतं, बायकापोरं होती, गाव होतं, भाषा एक, देव एक, आणि आपल्या बापजाद्यांची जमीन कुठली हे रोज डोळ्यासमोर. त्याला राज्याच्या हद्दीबाहेर विकता येत नव्हतं. वाटा देऊन उरलेलं त्याचं, त्यामुळे थोडी पुंजी पण साठायची. म्हणजे तुलना केली तर घरादाराच्या बाबतीत हेलॉट बरा, पण तेच घरदार असल्यामुळे तो एकजूट करू शकायचा आणि म्हणूनच स्पार्टा त्याला घाबरायची. क्रिटियास नावाचा अथेन्सचा माणूस स्पार्टाचा मोठा चाहता, तो पण म्हणून गेला की तिथले स्वतंत्र सगळ्यात जास्त स्वतंत्र आणि गुलाम सगळ्यात जास्त गुलाम. "मग बरं कोणाचं होतं" हा प्रश्न लोक नेहमी विचारतात आणि मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो, एकाला माणसांतून तोडलं होतं आणि दुसऱ्याला त्याच्या माणसांसकट बांधलं होतं.

भीती किती होती ते बघायचं तर अथेन्सचा इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहिलेला प्रसंग. पेलोपोनेशियन युद्ध, म्हणजे अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं युद्ध, चालू असताना स्पार्टाने जाहीर केलं की ज्या हेलॉटांनी युद्धात सगळ्यात चांगली कामगिरी केली असं त्यांना वाटतं त्यांनी पुढे यावं, स्वातंत्र्य मिळेल. साधारण 2000 जण निवडले. त्यांनी डोक्यावर हार घातले, देवळांना फेऱ्या मारल्या, आपण सुटलो या आनंदात. थोड्याच दिवसांत ते सगळे नाहीसे झाले, आणि प्रत्येक जण कसा मेला हे कोणालाच कळलं नाही. जो स्वातंत्र्यावर आपला हक्क सांगायला पुढे येतो तोच बंड करेल, हा तो हिशोब.

आणि तरी याच लोकांशिवाय स्पार्टाचं पान हलत नव्हतं. प्रत्येक स्पार्टन नागरिकाने सामुदायिक पंगतीला धान्याचा ठरलेला वाटा द्यायचा, नाही जमला तर नागरिकत्व गेलं, आणि ते धान्य पिकवणार हेलॉट. लढाईतही तेच. इ.स.पू. 479 मध्ये पर्शियाविरुद्धच्या प्लॅटियाच्या लढाईत 5000 स्पार्टन आणि प्रत्येकामागे सात हेलॉट, म्हणजे 35,000, असा आकडा इतिहासकार हेरोडोटस देतो. त्याच्या वर्षभर आधी थर्मोपिलीत 300 स्पार्टन पर्शियाशी लढले हे सगळ्या जगाला तोंडपाठ आहे, पण मेलेल्यांमध्ये हेलॉटही पडलेले होते हे त्याच हेरोडोटसने लिहिलंय, ते कोणी सांगत नाही. पायलॉसच्या लढाईत, इ.स.पू. 425, स्फॅक्टेरिया बेटावर अथेन्सच्या वेढ्यात अडकलेल्या स्पार्टनांना जेवण पोचवायचं होतं तेव्हा स्वातंत्र्याचं आमिष दाखवल्यावर हेलॉटच गेले, काही होडीने आणि काही पाण्याखालून पोहत, मागे दोरीने कातडी पिशव्या ओढत, त्यात मध घातलेली खसखस आणि कुटलेलं जवस.

आता बंड. इ.स.पू. 464 च्या सुमारास मोठा भूकंप झाला, स्पार्टा शहर कोसळलं, आणि हेलॉट उठले, मुख्यतः मेसेनियातले. ते इथोमी डोंगरावर जाऊन बसले आणि वर्षानुवर्षं हटले नाहीत. शेवटी तह झाला की पेलोपोनीज, म्हणजे ग्रीसचा दक्षिणेकडचा द्वीपकल्प, सोडून जा, अथेन्सने त्यांना नौपाक्टोस गावात वसवलं, आणि वर सांगितलेल्या पायलॉसच्या लढाईत हेच नौपाक्टोसचे मेसेनियन स्पार्टाविरुद्ध लढले.

अथेन्समध्ये असं काही झालं नाही. वेगवेगळ्या देशांतून आणून वेगवेगळ्या घरांत ठेवलेले लोक उठणार कसे आणि जाणार कुठे? ते पळाले मात्र. इ.स.पू. 413 मध्ये स्पार्टाने अथेन्सजवळच्या डेकेलियाला ठाणं केलं तेव्हा 20,000 हून जास्त गुलाम अथेन्समधून निसटले आणि त्यात बरेचसे कारागीर होते, हाही थ्युसिडिडीसचाच आकडा.

अथेन्समधली सुटका एकेकट्याची असायची. सगळ्यात प्रसिद्ध पासिओन, दोन सावकारांचा गुलाम, पेढीवर काम करत हुशारी दाखवली, मोकळा झाला, पेढी चालवली, ढालींचा कारखाना काढला आणि शेवटी चक्क नागरिक झाला. त्याचा गुलाम फॉर्मिओन, तोही मोकळा झाला आणि पासिओनच्या मृत्युपत्राप्रमाणे त्याच्या विधवेशी लग्न केलं. ही उदाहरणं सांगून अथेन्सची गुलामी कशी मवाळ होती असा निष्कर्ष काही जण काढतात तेव्हा मला राग येतो, कारण पासिओन हा लाखात एक. त्याचाच मुलगा अपोलोडोरस पुढे कोर्टात निएरा नावाच्या बाईविरुद्ध उभा राहिला, जिला लहानपणीच कॉरिंथमध्ये विकत घेऊन वेश्याव्यवसायात घातलं होतं, जिने ओळखीच्या पुरुषांकडून पैसे गोळा करून 20 मीना, म्हणजे 2000 ड्राक्मा भरून स्वतःला सोडवलं होतं, आणि उतारवयात ती अथेन्समध्ये नागरिकाची बायको म्हणून राहते हाच तिचा गुन्हा होता. आरोप करणारा स्वतः एका सुटलेल्या गुलामाचा मुलगा. तिची स्वतःची बाजू तिच्या शब्दांत कुठेच नाही.

गुलामीच्या काठावरचा एक आवाज मात्र सापडलाय. अथेन्सच्या आगोरात, म्हणजे बाजारचौकात, शिशाच्या पत्र्यावर कोरलेली एक चिठ्ठी मिळाली, इ.स.पू. चौथ्या शतकातली. लेसिस नावाचा मुलगा ओतकामाच्या भट्टीवर कामाला आहे आणि आईला कळवतोय की मला चाबकाने मारून मारून जीव जायची वेळ आलीय, मला बांधून ठेवतात, धुळीसारखं वागवतात, मालकांकडे या आणि काहीतरी बरं बघा. तो गुलाम होता की शिकाऊ कामाला ठेवलेला परदेशी मुलगा यावर अभ्यासकांत वाद आहे. हेलॉटाची अशी एकही चिठ्ठी आपल्याकडे नाही, त्यांच्याबद्दलचं सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं.

जाता जाता अजून एक जोडी, कारण यातही घोळ होतो. स्पार्टाचे पेरिओइकोई हे गुलाम नव्हते, स्वतःच्या गावात राहणारे स्वतंत्र लोक, फौजेत लढायचे पण स्पार्टात मत नाही. अथेन्सचे मेटिक पण स्वतंत्र, मत त्यांनाही नाही, पण ते शहरातच राहायचे आणि वर्षाला 12 ड्राक्मा कर भरायचे, एकटी बाई असेल तर 6. मोकळा झालेला अथेन्सचा गुलाम मेटिकांत जायचा.

हेलॉटांची गोष्ट मात्र वेगळीकडे गेली. इ.स.पू. 371 ला ल्युक्ट्रा इथे थीब्ज या दुसऱ्या ग्रीक नगरराज्याने स्पार्टाचा कणा मोडला, आणि त्यांचा सेनापती एपामिनोन्डास फौज घेऊन लाकोनियात उतरला, मग इ.स.पू. 369 मध्ये इथोमीच्या पायथ्याशी मेसेनी हे नवं शहर उभं राहिलं. कालपर्यंतचे हेलॉट एका राज्याचे नागरिक झाले. त्या शहराची तटबंदी आजही बघायला मिळते. स्पार्टाने ते राज्य मान्य करायला नकार दिला पण त्याने काही फरक पडला नाही.

लाकोनियातले हेलॉट मात्र अडकलेलेच राहिले, अजून दीडशे वर्षं. मग राजा क्लिओमेनीस तिसरा पैशाच्या अडचणीत आला आणि त्याने 5 मीना भरेल त्या हेलॉटाला मोकळं करायचं ठरवलं. 500 ड्राक्मा प्रत्येकी, आणि 6000 जणांनी ते भरले असं प्लुटार्क सांगतो. एवढे पैसे शेतावर घरदार करून राहणाऱ्यांकडेच साठू शकतात. उलट अथेन्सकडे बघा, लॉरियनच्या खाणीसाठी निकियास या श्रीमंत सेनापतीने 1000 गुलाम सोसियास नावाच्या कंत्राटदाराला भाड्याने दिले होते, माणशी रोज एक ओबोल, म्हणजे ड्राक्माचा सहावा भाग, तोही निकियासच्या खिशात, आणि करारात अट अशी की आकडा कायम 1000 राहिला पाहिजे, कमी होतील तेवढे कंत्राटदाराने भरून द्यायचे.