हाक आणि माग : हैतीच्या भूकंपातील मोबाइल-माहितीचे दोन प्रकार

हैतीत १२ जानेवारी २०१० रोजी झालेल्या भूकंपानंतर मोबाइलच्या माहितीमुळे मदतकार्याला दिशा मिळाली, हे विधान विकासविषयक लेखांत आणि भाषणांत इतक्या वेळा येते की ते नेमके कोणत्या माहितीविषयी आहे, हे विचारण्याचे कष्ट आता कोणी घेत नाही. वस्तुतः त्या एका वाक्यात दोन अगदी निराळी कामे कोंबलेली असतात. एक म्हणजे लोकांनी पाठवलेल्या एसएमएसवरून तयार झालेला संकटाचा नकाशा, आणि दुसरे म्हणजे मोबाइल कंपनीकडे आपोआप साठलेल्या नोंदींवरून बांधलेला स्थलांतराचा अंदाज. सोयीसाठी पहिल्याला हाक म्हणू आणि दुसऱ्याला माग. दोघांवर ‘बिग डेटा’ असा एकच शिक्का मारण्याची सवय मला केवळ ढिसाळ नव्हे, तर घातक वाटते, कारण त्या शिक्क्याच्या भरवशावर अन्नधान्य कुठे पाठवायचे, असे निर्णय घेतले जाण्याचा धोका असतो.

हाकेची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. केनियात २००७च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला आणि त्याच्या नोंदी नकाशावर मांडण्यासाठी ‘उशाहिदी’ हे व्यासपीठ उभे राहिले. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ साक्ष. हैतीत ४६३६ या क्रमांकावर विनामूल्य एसएमएस पाठवण्याची सोय झाली, रेडिओवरून तो क्रमांक सांगितला गेला, परदेशांतल्या हैतीयन स्वयंसेवकांनी क्रेओल भाषेतील निरोपांचे इंग्रजीत भाषांतर केले आणि अमेरिकेतील टफ्ट्‌स विद्यापीठातून विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या मार्गांनी आलेली माहिती पडताळून नकाशावर ठेवली. त्या नकाशावर अखेर सुमारे साडेतीन हजार नोंदी होत्या.

मागाची कथा त्या मानाने कमी सांगितली जाते. फोनवरून कॉल किंवा एसएमएस झाला की तो कोणत्या टॉवरमार्फत गेला, याची नोंद कंपनी बिलासाठी ठेवते. त्यात संभाषण नसते, फक्त क्रमांक, वेळ आणि टॉवर यांसारखे तपशील असतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी डिजिसेल कंपनीच्या १९ लाख सिमकार्डांच्या अशा नोंदी, भूकंपापूर्वीच्या ४२ दिवसांपासून नंतरच्या १५८ दिवसांपर्यंतच्या, अभ्यासल्या. हाच प्रयत्न पुढे ‘फ्लोमाइंडर’ या संस्थेच्या नावाने ओळखला जाऊ लागला. भूकंपाच्या दिवशी राजधानी पोर्तोप्रिन्समध्ये असलेले सुमारे ६ लाख ३० हजार लोक १९ दिवसांनंतर शहराबाहेर होते, असा त्यांचा अंदाज आहे.

एकात मजकूर असतो आणि दुसऱ्यात आकडे, एकात नोंदी हजारांत मोजायच्या आणि दुसऱ्यात कोट्यवधींत, हे फरक खरे असले तरी त्यांच्यापाशी रेंगाळण्याचे कारण नाही. ते पाहताक्षणी कळतात आणि त्यांच्यामुळे कोणाची फसगत होत नाही. फसगत होते ती छेदाच्या बाबतीत.

शाळेत अपूर्णांक शिकताना अंश आणि छेद असे दोन शब्द आपण शिकलो. हाकेच्या नकाशावर केवळ अंश असतो. समजा, एका वस्तीतून दोनशे निरोप आले आणि दुसरीतून तीन. पहिल्या वस्तीत हानी अधिक झाली, असा निष्कर्ष आपण तत्काळ काढतो, नकाशावरचा लाल रंगही तेच सुचवतो. पण पहिल्या वस्तीत मुळात किती माणसे राहत होती, त्यांपैकी कितींपाशी चालू फोन उरला, कितींनी रेडिओवर तो क्रमांक ऐकला आणि कितींना लिहिता येत होते, यांपैकी एकही गोष्ट नकाशा सांगत नाही. दुसऱ्या वस्तीतून तीनच निरोप आले ते तिथे सारे सुखरूप असल्यामुळे, की टॉवर कोसळल्यामुळे, हेही त्यावरून कळत नाही. हैतीतील निरोपांची दाटी आणि पडलेल्या इमारतींची दाटी जुळते, असे दाखवणारे विश्लेषण प्रसिद्ध झाले, तेव्हा बेनेटेक या संस्थेतील संख्याशास्त्रज्ञांनी नेमका हाच आक्षेप घेतला: जिथे इमारतीच जास्त, तिथे निरोपही जास्त आणि पडझडही जास्त. उभ्या-पडलेल्या सर्व इमारतींची संख्या हिशेबात धरली की पडझड ओळखण्यासाठी निरोपांचा वेगळा उपयोग उरत नाही, असे त्यांनी दाखवले. म्हणून हाकेचा नकाशा रंगांच्या छटांत दाखवण्याला माझा ठाम विरोध आहे. प्रत्येक निरोप हा स्वतंत्र माणसाचा स्वतंत्र प्रश्न आहे, त्याचे उत्तर त्या पत्त्यावर जाऊनच द्यायचे असते, आणि त्याची बेरीज करून ‘गरजेची तीव्रता’ काढणे म्हणजे त्याच्याकडून तो देऊ शकत नाही ते मागणे.

मागाला मात्र छेद असतो, आणि त्याची सारी ताकद त्या ४२ दिवसांत आहे. भूकंपापूर्वी कोणते सिम कुठे असे, हे ठाऊक असल्यामुळेच ते नंतर हलले असे म्हणता येते. याच नोंदींवरून पुढे असेही आढळले की लोक वाट फुटेल तिकडे गेले नव्हते. आदल्या नाताळात आणि नववर्षाला जिथे ते राहिले होते, म्हणजे बहुधा जिथे नातलग होते, तिथे जाण्याकडे त्यांचा कल होता. भूकंपानंतर गोळा केलेल्या कितीही निरोपांतून हे निष्पन्न झाले नसते. तरीही हा छेद सिमचा आहे, माणसांचा नव्हे, हे विसरून चालणार नाही. लहान मुले, वृद्ध आणि ज्यांना फोन परवडत नाही असे लोक त्यात नाहीत. संशोधकांनी सिमवरून लोकसंख्येचा अंदाज बांधला आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने नंतर घरोघरी केलेल्या पाहणीशी तो ताडून पाहिला. तो जुळला म्हणून त्याला किंमत आली. पाहणीची गरज आता संपली, असे म्हणणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

‘रिअल टाइम’ हा शब्दही दोन्हींना सर्रास लावला जातो. हाक खरोखर घटना घडत असताना येत होती. भूकंपानंतरच्या स्थलांतराचा मागावरचा अभ्यास मात्र मागाहून झाला. त्या जानेवारीत तो कोणत्याही मदतपथकाच्या हाती नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा त्याच संशोधकांनी नोंदी हाती आल्यापासून १२ तासांच्या आत साथीच्या भागातून बाहेर गेलेल्यांविषयीचे अहवाल दिले.

संमतीविषयी थोडेच, पण निक्षून सांगायचे आहे. हाक देणाऱ्याला कोणीतरी ऐकावे असे वाटत असते. माग सोडणाऱ्याला आपण तो सोडत आहोत, याची कल्पनाही नसते. नावे आणि क्रमांक काढून टाकले म्हणजे माग निनावी झाला, ही समजूत २०१३ मध्येच खोटी ठरली आहे: १५ लाख लोकांच्या नोंदींच्या एका अभ्यासात, स्थळ आणि वेळ यांचे केवळ चार बिंदू माहीत असले की ९५ टक्के लोकांचा माग इतरांपासून वेगळा ओळखता येतो, असे दिसले. कच्च्या नोंदी कंपनीच्या बाहेर जाऊच नयेत, बाहेर जाव्यात त्या केवळ विभागवार बेरजा, असे माझे मत आहे.

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर दोन्ही कामे शेजारीशेजारी झाली. काठमांडू लिव्हिंग लॅब्ज या स्थानिक संस्थेने उशाहिदीवर ‘क्वेकमॅप’ उभा केला, तर फ्लोमाइंडरने एनसेल कंपनीच्या सुमारे १ कोटी २० लाख सिमच्या नोंदींवरून अंदाज दिला की एरवीपेक्षा ३ लाख ९० हजार अधिक लोक काठमांडू खोऱ्याबाहेर गेले. परंतु मुंबई-पुण्यात कामाला असलेल्या एखाद्या मुलाने आईवडिलांना सीमेपलीकडून इकडे आणले असेल, तर त्यांचे सिम नेपाळच्या कोणत्याही टॉवरवर पुन्हा दिसणार नाही, आणि बंद पडलेल्या फोनच्या सिमपासून ते वेगळे काढता येणार नाही.