खोडरबरनं काढायचं चित्र
पेन्सिल-शेडिंग घरी करून पाहणाऱ्या पालकांसाठी

साताऱ्यातल्या आमच्या दुकानात खोडरबर मागताना पालक हमखास म्हणतात, "स्वच्छ खोडणारा द्या." तोच घेऊन या, आज त्यानं चित्र काढायचं आहे.

आधी कागद काळा करायचा. ए४ कागदाचा अर्धा तुकडा पुरे, लहान हात लवकर दमतात. ४बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं उभं, मग आडवं भरत जायचं. दाबलं की कागदावर चर पडते आणि ती कशानंही जात नाही. मग कापसानं पुसून राखाडी सारखा करून घ्या. बोटानं नको, बोटाचा तेलकट डाग नीट खोडला जात नाही.

आता खिडकीशी पाण्याचा तांब्या ठेवा, स्टीलचा. मुलं लगेच बाह्यरेषा काढायला घेतात, तिथं थांबवा. डोळे किलकिले करून सगळ्यात उजळ जागा शोधायला सांगा. पोटावर खिडकीची उभी पट्टी दिसेल, गळ्यावर छोटा ठिपका आणि काठावर बारीक चंद्रकोर. तेवढंच खोडायचं. अंधारातून तांब्या वर येऊ लागतो तेव्हा मुलाचा चेहरा बघा! सावलीच्या बाजूनं, अगदी कडेला, टेबलावरून परतलेला अंधुक उजेड असतो. तिथं खोडरबर नुसता टेकवून उचला. सर्वांत गडद जागा शेवटी ६बीनं.

खोडरबर पांढरा, मऊ घ्या. पेन्सिलीच्या टोकाचा गुलाबी कडक असतो, कागद खरवडतो. ब्लेडनं तिरपा काप देऊन धार काढायचं काम मोठ्यांचं. काळा झाला की रद्दी कागदावर घासून घ्या, नाहीतर उजेडाऐवजी फराटे उठतात. रबर यायच्या आधी लोक पावाच्या तुकड्यानं खोडत. घरात पाव असेल तर मुलांना करून दाखवा, खरंच खोडलं जातं.

हात काळे होतील, घाबरू नका. शिसपेन्सिल म्हणत असलो तरी तिच्यात शिसं नसतं. ग्रॅफाइट आणि माती एकत्र भाजून कांडी होते. ही रीत फ्रान्समध्ये काँते यांनी १७९५ साली काढली. माती कमी तितकी कांडी मऊ नि काळी, म्हणून एचबीपेक्षा २बी काळी, ६बी त्याहून काळी. खाण्याआधी हात मात्र धुवा.

दहा-बारा पेन्सिलींचा डबा सुरुवातीला घेऊच नका, असं आम्ही दुकानदार असूनही सांगतो. ४बी, ६बी आणि एक खोडरबर एवढं पुरतं. पेन्सिली सुट्या मिळतात. कागद मात्र जाड कार्ट्रिज हवा, वहीचं पान खोडताना फाटतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तोही सादळतो आणि त्याचा लव निघतो, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवा.

तांब्या जमला की पहाटेचा अजिंक्यतारा घ्या. गड तसाच गडद ठेवून फक्त मागचं आभाळ खोडायचं.

झालेल्या चित्रावर बटर पेपर ठेवा, नाहीतर सगळा काळा समोरच्या पानावर उतरतो. बटर पेपर सुटा मागा, एक पानसुद्धा देतो.