माडीच्या फळ्यांना जळकं ऑइल लावू नका

जुन्या नाशकात वाड्याची माडी दुरुस्तीला काढली की कुणीतरी हमखास सांगतं, "फळ्यांना गॅरेजमधलं जळकं ऑइल मारा, वाळवी जन्मात लागणार नाही." हा सल्ला वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगलं सागवान खराब होतं याचं मला फार वाईट वाटतं.

इंजिन ऑइल वाळतच नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. हे मात्र कितीही दिवस गेले तरी चिकटच. फळीवरून बोट फिरवा, काळं होतं. धूळ बसते, पुढे पॉलिश धरत नाही. शिवाय वापरलेल्या ऑइलमध्ये धातूंचे अंश आणि कॅन्सरला कारण ठरणारी द्रव्यं असतात. त्याच फळ्यांवर पोरं रांगतात.

घराला लागते ती वाळवी बहुतेक वेळा जमिनीतून, मातीच्या नळ्या करत भिंतीतून चढते. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथली ओल आधी थांबवा. जुन्या सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्यं मुळातच असतात. पोखरला जातो तो बहुधा कडेचा फिकट भाग. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा, भुसभुशीत लागलं तर तेवढाच तुकडा बदला. बाकी फळी हलक्या हाताने घासून जवसाचं तेल पातळ लावा, जास्तीचं लगेच पुसा. तेलाचे बोळे मात्र कोपऱ्यात ढीग करून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक उलगडून उघड्यावर वाळत घाला.