सेमिनरी हिलवरचा लाव्हा

ज्वालामुखीचा डोंगर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो धूर ओकणारा शंकू. तसला जागृत डोंगर भारतात एकच, अंदमानातलं बॅरन बेट. समुद्रावर जेमतेम साडेतीनशे मीटर उंच आणि दीडशेहून जास्त वर्षं निजून १९९१ साली पुन्हा उठलेला. तो बोटीतूनच बघायचा. नागपूरकरांनी सरळ सेमिनरी हिलची वाट धरावी. शंकू नाही, विवर नाही, दम लागावा इतकी उंचीही नाही, पण पायाखाली लाव्हाच आहे.

शंकू नाही, कारण तो कधी नव्हताच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वर आला. आइसलँडमध्ये लाकी इथे १७८३ साली अशीच सुमारे २७ किलोमीटरची भेग उघडली आणि आठ महिने वाहत राहिली. दख्खनपुढे तीही किरकोळच. हजार-अकराशे अंश तापलेला पातळ लाव्हा पसरायचा, थिजायचा, मग त्यावर पुढचा थर. आपल्या टेकड्या जमिनीतून वर आलेल्या नाहीत. आजूबाजूचं झिजून, वाहून गेलं आणि या तेवढ्या उरल्या.

चढताना रस्त्यासाठी कापलेला उतार दिसला की थांबा. दगड गोल गोल होऊन, कांद्यासारखे पापुद्रे सुटत मुरूम होताना दिसतात. सांध्यांतून पाणी शिरतं, कोपरे आधी कुजतात आणि मधला गाभा काळा, टणक राहतो. काही दगड भोकाभोकांचे असतात. लाव्ह्यातला वायू बुडबुड्यांनी वर चढला आणि वरचा भाग थिजला तसा तिथेच अडकला, म्हणून असा सच्छिद्र दगड बहुधा थराच्या माथ्याचा. पुढे त्या भोकांत खनिजं भरतात आणि दगडावर पांढरे ठिपके दिसतात. ठिपक्यावर चाकूचं टोक ओढून बघा. सहज ओरखडा उठला तर कॅल्साइट असण्याचा संभव. चाकूच घसरला तर क्वार्ट्‌झच्या जातीचं काहीतरी.

खरी गंमत मात्र थरांच्या मध्ये आहे. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी म्हणून १८४५ साली नागपुरात आले आणि फावल्या वेळात दगड धुंडाळू लागले. टाकळी आणि सीताबर्डीच्या टेकडीत त्यांना लाव्ह्याच्या थरांमध्ये गाळाचा पातळ पट्टा आढळला, आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख. म्हणजे एक थर थिजल्यावर इथे तळं साचलं होतं, त्यात जीव वाढले होते, आणि मग पुढच्या लाव्ह्याने सगळं झाकून टाकलं. पाण्यात विरघळलेल्या सिलिकाने काही ठिकाणी तो गाळ चकमकीसारखा कडक केला, म्हणून शंखाचा पीळसुद्धा शाबूत राहिला. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी हे सगळं १८५५ साली प्रसिद्ध केलं. आपल्याकडे हिस्लॉप म्हटलं की आधी कॉलेजच आठवतं, हा मला थोडा अन्यायच वाटतो.

लाव्हा बघायला लोक सह्याद्रीत जातात. तिथे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात, त्यामुळे बूड काही दिसत नाही. नागपूर पडतं त्याच्या काठावर. इथे थर पातळ होत होत संपतात आणि शहराच्या पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना, चमकत्या अभ्रकाचा, पट्ट्यापट्ट्यांचा खडक उघडा पडतो. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागा लाव्ह्याच्या कुजण्यातून झालेल्या मातीवर उभ्या आहेत आणि भंडाऱ्याकडे धान लागतो, यात पावसाचा वाटा आहेच, पण खडकाचाही आहे. भंडारा रोडने जाताना शेताच्या बांधावरचे दगड बघत चला, काळे कुठे कमी होतात ते आपोआप कळतं.