माशांच्या टाकीचं सिलिकॉन आणि खानदेशी ऊन

काचेची टाकी गळायला लागली की हार्डवेअरच्या दुकानातून मिळेल ती सिलिकॉनची ट्यूब आणायची, सांधे भरायचे आणि टाकी गच्चीवर उन्हात ठेवायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. यातल्या दोन्ही गोष्टी माशांच्या मुळावर येऊ शकतात. आधी उन्हाचं बघू.

बिबडी (ज्वारीचा पापड) वाळते तेव्हा तिच्यातलं पाणी निघून जातं. सिलिकॉनचं काम नेमकं उलटं असतं, त्याला घट्ट व्हायला हवेतली वाफ आत घ्यावी लागते. ट्यूबमधल्या लगद्यात सिलिकॉन याच नावाचं मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्यांच्या टोकांवरचे ॲसिटेट गट पाण्याचा रेणू येऊन सोडवतो. सुटलेला भाग ॲसिटिक आम्ल होऊन बाहेर पडतो, व्हिनेगरसारखा वास येतो तो त्याचाच. मोकळी झालेली टोकं मग एकमेकांत गुंतून रबर तयार होतं. काचही मुळात सिलिकॉन आणि ऑक्सिजनचीच असल्यामुळे तिच्या पृष्ठभागाशीही तसेच बंध जुळतात. म्हणून ही पकड इतकी जबर असते.

वरची साय पंधरा-वीस मिनिटांत धरते. पुढे मात्र वाफेला त्या सायीतूनच आत शिरावं लागतं. पहिल्या दिवशी 2-3 मि.मी. जाडी तयार होते, पण दुप्पट जाडीला साधारण चौपट वेळ लागतो. दोन काचांच्या मधल्या सांध्यात तर वाफ फक्त कडांनीच शिरते. त्यामुळे हे काम सगळ्यात छान होतं ते पावसाळ्यात. धुळ्याच्या कडाक्याच्या थंडीत ते रेंगाळतं, कारण गार हवेत वाफच कमी असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला काच उन्हात इतकी तापते की बहुतेक ट्यूबवर लिहिलेली 40 अंशांची मर्यादा सहज ओलांडली जाते. तापलेल्या काचा प्रसरण पावतात आणि अर्धकच्चा सांधा ताणला जातो. उन्हाळ्यात टाकी कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवा, तिथली दमट हवा सिलिकॉनला मानवते. खिडकी मात्र उघडी असू द्या.

आता ट्यूब कोणती घ्यायची? व्हिनेगरचा वास आला की माशांसाठी चालतं, असं बरेच जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. बाथरूम-किचनसाठीच्या कित्येक सिलिकॉनलाही हाच वास असतो, पण त्यात बुरशीनाशक मिसळलेलं असतं. ते हळूहळू पाण्यात उतरतं आणि झिंगे-गोगलगायींसारख्या नाजूक जीवांना तर फारच बाधतं. ‘न्यूट्रल’ (व्हिनेगरचा वास नसलेल्या) प्रकारातल्या काही ट्यूबमधून घट्ट होताना ऑक्झाइम नावाचं रसायन बाहेर पडतं, तेही विषारीच. म्हणून पाकिटावर ‘ॲक्वेरियम’ असं स्पष्ट लिहिलेलं, शंभर टक्के सिलिकॉन असलेलंच घ्या. ‘अँटी-फंगल’ किंवा ‘सॅनिटरी’ हे शब्द दिसले तर ट्यूब परत ठेवा. रंग पारदर्शक घ्या की काळा, त्याने माशांना काही फरक पडत नाही. फार स्वस्तातल्या मालात खनिज तेल मिसळलेलं असू शकतं, असा सांधा पुढे आकसतो.

पकड महत्त्वाची का, ते आकड्यांत पाहा. 90 सें.मी. लांब आणि 45 सें.मी. रुंद-उंच टाकीत 180 लिटरच्या वर पाणी मावतं. काठोकाठ भरली की समोरच्या एकट्या काचेवर सुमारे 90 किलोचा रेटा बसतो, तोही रात्रंदिवस. नवं सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही, म्हणून गळती काढताना वरून फासू नका. जुनं सगळं ब्लेडने खरवडा, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मगच नवं भरा.

सांधे भरताना त्याच ट्यूबचा, सांध्याइतकाच जाड एक गोळा काचेच्या तुकड्यावर सोडून ठेवा. आठवड्याने तो ब्लेडने मधोमध कापून बघा. आत चिकट लागला किंवा वास आला, तर टाकी अजून रिकामीच ठेवा. सगळं कोरडं रबर दिसलं तर पाणी भरा, दोन दिवसांनी ते पूर्ण फेकून दुसरं भरा आणि त्यानंतरच मासे सोडा.